आंब्याची पट्टी आणि कासवाचा बिल्ला

ताई, नमस्कार. मी राजापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. घरची आंब्याची बाग आहे, ती मिस्टर आणि दीर बघतात. लॉकडाउनमध्ये वेळ होता म्हणून फेसबुकवर एक पेज सुरू केलं, पुढे व्हॉट्सॲप चॅनेलही काढलं. विज्ञानातल्या गमतीच्या बातम्या आणि आपल्या भागातल्या धंद्याच्या बातम्या, असं दोन्ही टाकते. विज्ञानाच्या पोस्टला चार लाइक येतात, तेही माझ्या बहिणींचे. नवी बेकरी उघडल्याची पोस्ट टाकली की मात्र धो धो. आता दुकानदार फुकट प्रसिद्धी मागतात, एकदोघांनी पैसेही देऊ केले. दीर म्हणतात, आपल्याच पेट्यांचे फोटो टाक. त्यात गेल्या हंगामात 'बाजारातला सगळा आंबा कार्बाइडचा' असा एक फॉरवर्ड मी टाकला, सोबत आमच्या बाजारपेठेतल्या क्रेटांचा फोटो होता. फोटोत ज्यांचं दुकान दिसत होतं ते व्यापारी संध्याकाळी घरी आले. भांडले नाहीत, पण चहाही घेतला नाही. मिस्टर म्हणतात दोन वेगळी पेजं कर, नाहीतर बंदच कर. दोनतीन पोस्टचे स्क्रीनशॉट सोबत पाठवते आहे. काय करू?
– एक वाचक, राजापूर तालुका

सप्रेम नमस्कार.

आधी त्या न घेतलेल्या चहाचं बघू. कोकणात त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. लाइक आणि जाहिराती थांबतील, हे थांबणार नाही.

ती पोस्ट अजून पेजवर असेल तर नुसती गुपचूप काढून टाकू नका. काढलेली पोस्ट पेजवरून जाते, ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यातून जात नाही. जिथे ती टाकली तिथेच दुसरी टाका आणि सरळ लिहा की फोटोतल्या क्रेटांचा कार्बाइडशी काहीही संबंध नव्हता, मजकूर तपासला नव्हता. दुकानाचं नाव घ्यायचं की नाही हे मात्र त्या व्यापाऱ्यांना विचारून ठरवा. काहींना नाव घेऊन खुलासा हवा असतो, काहींना वाटतं पुन्हा नावच नको. आणि विचारायला मिस्टरांना धाडू नका, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना तुम्हीच जा. 'मी फक्त पुढे पाठवलं' ही सबब बाजारपेठेत चालत नाही, आणि प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेलं तर कोर्टातही चालेलच असं नाही.

आता त्या फॉरवर्डमध्ये खरं किती होतं ते पाहू. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो. आंबा पिकताना स्वतः इथिलीन सोडत असतो, ॲसिटिलीन त्याची नक्कल करतो आणि फळ फसतं. साल पिवळी होते, गर मात्र मागे राहतो. बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या संयुगांचे अंश असू शकतात, खरी भीती त्यांची आहे. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर. पण इथिलीन वायू सोडून बंद खोलीत आंबा पिकवणं कायदेशीर आहे, १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या मर्यादेत. आणि आपल्या आज्या पेंढ्यात अढी घालायच्या तेव्हाही हेच चालायचं, फळांनी सोडलेलं इथिलीन पेंढ्यात कोंडून राहायचं. 'सगळा आंबा कार्बाइडचा' म्हणताना अढीवाला, इथिलीनच्या खोलीवाला आणि कार्बाइडवाला असे तिघंही एका ओळीत उभे राहिले. पहिल्या दोघांचं गिऱ्हाईक गेलं. तिसऱ्याला काहीच झालं नाही, उलट सगळेच तसे म्हटल्यावर त्याला वेगळा कोण शोधणार? खरोखर कुठे कार्बाइडच्या पुड्या दिसल्या तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची सोय आहे. पेज ही तक्रारीची पहिली जागा नव्हे.

या फॉरवर्डच्या शेपटीला दरवर्षी पाण्याची परीक्षाही असते, तुमच्या स्क्रीनशॉटमध्येही ती दिसली. आंबा पाण्यात टाका, तरंगला तर कार्बाइडचा! प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंनी हे वाचून पुढे कसं ढकललं, याचं मला आश्चर्य वाटलं. राग मानू नका. हापूस काढणीला येतो, म्हणजे बागेत म्हणतात तसा चौदा आणे होतो, तेव्हा त्याचं विशिष्ट गुरुत्व १.०१ ते १.०२च्या आसपास असतं. पाण्यापेक्षा किंचित जड. म्हणून तयार फळ बुडतं आणि कोवळं तरंगतं. ही परीक्षा तयारीची आहे, कार्बाइडची नाही. कोवळा माल उतरवून घाईनं पिकवायला निघालेला माणूस कार्बाइडकडे वळण्याची शक्यता जास्त, एवढाच काय तो दोन्हींचा संबंध. चौदा आण्यांचा आंबा कार्बाइडवर ठेवला तरी तो बुडणारच, आणि गिऱ्हाईक निर्धास्त होऊन घरी नेणार.

मग एक बादली घ्या. बागेतून दिरांना सांगून बारा आण्यांची, म्हणजे अजून कोवळी, दोनचार फळं आणि चौदा आण्यांची दोनचार फळं मागवा. अकरावीची मुलं हाताशी आहेतच. मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ. त्यात विज्ञान आहे, बाजार आहे, आणि गिऱ्हाइकाला घरी करून बघता येईल असं काहीतरी आहे. तो व्हिडिओ त्या व्यापाऱ्यांच्या दुकानासमोर काढायला ते तयार झाले तर चहाचाही प्रश्न मिटेल.

आता तुम्ही म्हणाल, ताई आंब्यावरच अडकल्या. मुद्दाम अडकले. दोन पेजं करू नका, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. तुमच्या तालुक्यात विज्ञान आणि धंदा वेगळे काढायला निघालात तर दोन्ही पेजं रिकामी राहतील. हापूस कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा साका निघतो आणि मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर भांडतं. बागायतदार सांगतो की बाहेरून दिसत नाही, आणि खरंच दिसत नाही. संशोधकांनी दिलेलं एक स्पष्टीकरण असं की झाडावर असतानाच आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि गराचं बिनसतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात दिली, तिच्यात साका होत नाही. तरी बाजार अजून हापूसचाच. का? ही विज्ञानाची बातमी की धंद्याची, तुम्हीच सांगा. एखाद्या वयस्कर बागायतदाराला हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर जसंच्या तसं टाका. त्या पोस्टला चार लाइक पडणार नाहीत, भांडणं पडतील, आणि भांडणं चांगली असतील.

विज्ञानाच्या पोस्ट का चालत नाहीत याचं कारण मला तुमच्या कासवाच्या पोस्टमध्ये सापडलं. 'साडेतीन हजार किलोमीटर पोहून कासव गुहागरला! निसर्गाचा चमत्कार!' आणि खाली तीन इमोजी. घटना खरी आहे. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१मध्ये प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी एका ऑलिव्ह रिडले मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला बिल्ला लावला होता, क्रमांक ०३२३३. तीच मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पण तुम्ही चमत्कारावर थांबलात, आणि खरी गंमत पुढेच होती. तो बिल्ला धातूचा. तो कुणाला काही कळवत नाही, त्याला बॅटरी नाही. म्हणजे आपल्याला माहीत आहेत फक्त दोन ठिपके, एक पूर्व किनाऱ्यावर आणि एक पश्चिम किनाऱ्यावर. मधली साडेतीन हजार किलोमीटरची रेघ हा सागरी मार्गाचा अंदाज आहे. ती कुठून वळली, मध्ये कुठे राहिली, हे त्या बिल्ल्यावरून कळत नाही. पण दोन किनाऱ्यांवर अंडी घालणारी कासवं वेगवेगळी असं जे धरून चाललं होतं, त्याला त्या एका बिल्ल्यानं प्रश्नचिन्ह लावलं.

याच्या शेजारी वेळासची 'प्रथमा' ठेवा. तिच्या पाठीवर जानेवारी २०२२मध्ये उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर बसवला होता, त्यामुळे तिचा प्रवास ट्रान्समीटर चालू असेपर्यंत नकाशावर दिसत राहिला. एका कासवाचे दोन ठिपके आणि दुसरीची चालती रेघ, एवढा फरक चार ओळींत सांगितला असता तरी वाचणाऱ्याला 'अरे, हे असं कळतं होय!' असं वाटलं असतं. 'चमत्कार' म्हटलं की वाचणारा हात जोडतो आणि पुढे सरकतो. कसं कळलं ते सांगितलं की तो थांबतो. आणि धंद्याचं म्हणाल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन या. कासवांची घरटी राखायचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे सुरू केलं, आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावातल्या घरांमधून होऊ लागली. पाहुण्यांसाठी उकडीचे मोदक वळणाऱ्या काकूंची मुलाखत ही तुमच्या पेजची बातमी. ती नासा देणार नाही.

नासाचा विषय निघालाच आहे तर दिवाळीतला तो रंगीबेरंगी भारताचा फोटो कृपा करून यंदा टाकू नका. 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत' म्हणून तो वर्षानुवर्षं फिरतो. तो एका रात्रीचा फोटोच नाही. वेगवेगळ्या वर्षांतल्या रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रह नोंदी एकावर एक रचून, वस्ती कशी वाढत गेली हे दाखवायला अमेरिकेच्या नोआ या संस्थेतल्या शास्त्रज्ञानं २००३ साली तो तयार केला होता. रंग म्हणजे साल, पणत्या नव्हेत. दूरच्या विज्ञानाबद्दल मी तुम्हाला एवढंच म्हणेन की रोज टाकायची गरज नाही, आणि ज्या बातमीत शास्त्रज्ञ स्वतः 'कदाचित' म्हणतात तिथे तुम्ही तो शब्द गाळू नका. एप्रिल २०२५मध्ये के२-१८बी नावाच्या, सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाबद्दल केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं जीवसृष्टीचा संभाव्य संकेत सांगितला. आपल्याकडे अनेकांनी 'परग्रहावर जीव सापडला' असं करून टाकलं. पुढे दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं तपासून पुरावा पुरेसा नसल्याचं सांगितलं, ते कुणाच्या मोबाइलवर आलं नाही. व्हॉट्सॲपवर मजकुराच्या डोक्यावर दोन बाणांची खूण दिसली की तो पुष्कळ हातांतून आला आहे असं समजा. त्या दिवशी काही टाकू नका. दुसऱ्या दिवशी बहुधा टाकावंसं वाटत नाहीच.

दिरांचा प्रश्न नाजूक आहे. त्यांच्या पेट्यांचे फोटो टाकायला हरकत नाही, पण खाली 'ही आमच्या घरची बाग आहे' हे वाक्य हवं, आणि पोस्टच्या सुरुवातीला 'जाहिरात'. हा माझा सोवळेपणा नव्हे. सोशल मीडियावर एखाद्या मालाची शिफारस करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं जानेवारी २०२३मध्ये मार्गदर्शन काढलं आहे. पैसे, फुकट मिळालेली वस्तू, भेट, सवलत, इतकंच काय घरचं नातंसुद्धा लोकांना दिसेल असं सांगा, असं त्यात म्हटलं आहे. सुरुवातीला, साध्या भाषेत, हॅशटॅगांच्या ढिगात लपवून नव्हे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू शकतो. राजापूरच्या एका पेजमागे दिल्लीहून कुणी येईल असं नाही. पण वाचणाऱ्याला एकदा कळलं की बाईंनी घरच्या आंब्याला 'तालुक्यातला सर्वोत्तम' म्हटलं होतं, की तुमच्या बादलीच्या व्हिडिओवरही तो विश्वास ठेवणार नाही.

दुकानदारांचे पैसे घ्यायचे की नाही? घ्या, पण जाहिरात आणि बातमी एका दिवशी नको. जाहिरातीचा दिवस ठरवून टाका, समजा रविवार, आणि सगळ्यांना एकच दर सांगा. बेकरीवाल्यानं खारी पाठवली तर खा आणि पोस्टमध्ये तसं लिहा. पैसे देणाऱ्याला मजकूर आधी दाखवायचा, बातमीतल्या माणसाला नाही, फक्त आकडे त्याच्याकडून पडताळून घ्यायचे. आणि फक्त उद्घाटनंच का टाकता? फीत कापली, पेढे वाटले, यात बातमी थोडी आणि आमंत्रण जास्त. तुमच्या भागात भातगिरणी बंद झाली, काजूच्या कारखान्यात सोलायला बायका मिळेनात, लाकडी पेटीची जागा पुठ्ठ्याच्या खोक्यानं घेतली, हेही धंद्याचंच आहे. बंद पडलेल्या दुकानाबद्दल लिहिताना मालकाशी बोलल्याशिवाय एक ओळही नको, आणि 'बुडाला' हा शब्द तर मुळीच नको. त्याच्या मुलीचं लग्न ठरत असेल.

भावाची बातमी जरा जास्त जपून टाका. वाशीच्या बाजारात मुहूर्ताची, म्हणजे हंगामातली पहिली पेटी गेली की तिचा भाव दरवर्षी सगळीकडे फिरतो. तो मानाचा भाव असतो, हंगामाचा नसतो. तो वाचून मुंबईकराला वाटतं आंबा आवाक्याबाहेर गेला, आणि गावातल्या गड्याला वाटतं बागवाल्यांनी यंदा पैसा केला. भाव टाकायचा तर तारीख, कुठला बाजार, किती डझनाची पेटी आणि कुठल्या प्रतीचा माल, हे चारही हवंत, नाहीतर टाकूच नका. खरा हिशोब पट्टीवर, म्हणजे विक्रीनंतर बागायतदाराला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदावर असतो, वाहतूक आणि हमाली वगैरे वजा जाऊन हातात काय पडलं तो. घरची पट्टी दाखवायला दीर तयार झाले तर ती तुमच्या पेजवरची सगळ्यात वाचली जाणारी पोस्ट होईल. मला वाटतं, होणार नाहीत.

मालाच्या खरेपणाबद्दलही तुम्हाला लिहिता येईल. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तरी परराज्यातला आंबा त्याच नावाच्या खोक्यांत भरला जातो, म्हणून देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेनं २०२५च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला. तो स्टिकर कसा तपासायचा हे दाखवणारी पोस्ट पुण्या-मुंबईच्या चाकरमान्यांना उपयोगी पडेल, आणि तुमचे वाचक मला वाटतं निम्मे तरी तिकडेच असतील.

तुमच्याकडे आणखी दोन विषय आहेत ज्यांना तुम्ही हात लावलेला दिसला नाही, आणि का ते मला कळतं. एक राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधूनच वाहणारा तो झरा. ती आली की उन्हाळे गावातल्या त्या चौदा कुंडांपाशी गर्दी होते, नारळ-फुलांची, चहा-भज्यांची दुकानं लागतात, रिक्षावाल्यांना उसंत नसते. अधूनमधून वाहणाऱ्या अशा झऱ्यांचं नेहमीचं शास्त्रीय स्पष्टीकरण वक्रनलिकेचं आहे, जमिनीतल्या पोकळीत पाणी ठरावीक पातळीपर्यंत भरलं की ते ओढलं जाऊन वाहू लागतं आणि पोकळी रिकामी झाली की थांबतं. तुमच्या प्रयोगशाळेत रबरी नळीनं ते दाखवता येईल. फक्त 'अंधश्रद्धा' हा शब्द त्या पोस्टमध्ये आणू नका, गरज नाही. स्नानाला आलेल्या आजींनाही नळी बघायला आवडेल.

दुसरा विषय बारसूचा. २०२२मध्ये कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नोंद युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली त्यात बारसू आहे, आणि त्याच बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षणाला लोकांनी विरोध केला. तिथे धंदाही आला, विज्ञानही आलं, आणि नातेवाईक दोन्ही बाजूंना. मी तुमच्या जागी असते तर कातळशिल्पांबद्दल मोकळेपणी लिहिलं असतं, प्रकल्पाबद्दल फक्त तारीखवार घडलेलं, आणि 'इतक्या नोकऱ्या' किंवा 'इतकं प्रदूषण' असा कुठलाही आकडा तो कुणी सांगितला हे लिहिल्याशिवाय टाकला नसता. टिप्पण्या त्या दिवसापुरत्या बंद ठेवल्या तरी चालतात. त्यात भित्रेपणा नाही, तुम्हाला त्याच गावात भाजी आणायला जायचं आहे.

पेज बंद करू नका. कमी करा. आठवड्याला एक घरची पोस्ट पुरे, मधल्या दिवशी दुसऱ्याचं ढकलायची सक्ती कुणी केलेली नाही. मिस्टरांना सांगा की दोन पेजं सांभाळायला दुप्पट वेळ जाईल, ते लगेच एकावर तयार होतील.

आणि बादलीच्या व्हिडिओत मुलांचे चेहरे घेऊ नका, पालकांना विचारायला वेळ जातो, हात दिसले तरी पुरेत. ती चौदा आण्यांची फळं अढीत घालून ठेवा आणि पिकली की वर्गात कापा. साका निघाला तर त्याचाही फोटो टाका, दिरांना आधी विचारून.